अकरा पट्ट्यांचा दगड

हॅनली बे, मिशिगन
३ जुलै १९८६

चि. सौ. आइलीस,

अ. उ. आ. येत्या बारा तारखेला तुला पासष्ट पूर्ण होतात, म्हणून आशीर्वाद नेहमीपेक्षा दोन जास्त मोजून घ्यावेत.

सोबत एक डबी आहे. कापसातली वस्तू जपून काढ. मे महिन्यात किनाऱ्यावरचा बर्फ उतरल्यावर सापडलेला अकीक आहे. तांबडा, त्यावर पांढरे पट्टे. पट्टे अकरा आहेत. टाचणीचे टोक ठेवून मोजले आहेत. सापडला तेव्हा तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. पाच आठवडे दगड घासायच्या यंत्राच्या पिंपात घोळला: भरड पुडीत दोन, मध्यम पुडीत एक, बारीक पुडीत एक, आणि शेवटचा पॉलिशच्या पुडीत. मध्येच यंत्राची मोटर जळली, ती कोणीतरी दुरुस्त करून दिली, त्यामुळे एकही दिवस वाया गेला नाही. एवढा चांगला दगड मला वीस वर्षांत मिळाला नव्हता. तो तुझा.

त्याचा फोटोही जोडला आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सकाळी सातच्या आत घेतला. नंतर ऊन पिवळे होते आणि तांबड्या दगडाची वीट दिसू लागते. याच फोटोची स्लाइड आमच्या खनिजप्रेमी मंडळाच्या स्पर्धेला दिली आहे. प्रदर्शन सोळा ऑगस्टला, चर्चच्या तळघरात. नियम सातवा तुला पाठ असेल, कारण तो मी लिहिला तेव्हा तुला वाचून दाखवला होता: दगड स्वतः घोळलेला हवा आणि फोटो काढताना तो कोरडा हवा. पाणी लावले की कसलाही धोंडा चकाकतो. पाच वर्षांपूर्वी विनिफ्रेड पेंगेलीचा ओला दगड मी याच नियमाने बाद केला. तेव्हापासून ती सभेत मी नेलेल्या वेलदोड्याच्या पावाला हात लावत नाही. पाव वाया जात नाही, इतर खातात.

तुझ्या रेइनोने दगडांचा गाळ पुन्हा सिंकमध्ये ओतला, हे वाचले. तो नळीत बसला की सिमेंट होतो, असे मी मार्चमध्ये लिहिले होते आणि एप्रिलमध्येही लिहिले होते. बादलीत ओतावा, वाळू द्यावा, अंगणात पुरावा. आता जे काय ते प्लंबरला विचारा.

लोभ आहेच. तो वाढवत बसण्यापेक्षा उत्तर वेळेवर दे.

तुझी ताई,
हिल्मा


लँटाना, फ्लोरिडा
१३ जुलै १९८६

ती. हिल्माताईस,

सा. न. वि. वि. गुडघ्यांमुळे आठही अंगे जमिनीला लागत नाहीत; पाचावर भागवून घे.

दगड पाहिला आणि खरे सांगते, पाच मिनिटे केक कापायचा राहिला. आमच्या ह्यांनी घड्याळ लावून मोजले. केकच्या मेणबत्त्यांचा उजेड त्यात असा शिरला की आत दिवा लावून ठेवल्यासारखे वाटले. शेजारणीला दाखवला, तिच्या मांजरीला दाखवला. प्लंबरलासुद्धा दाखवला. तो म्हणाला की दगड इतका सुंदर असेल तर गाळाला माफ करायला हवे. पण पैसे मात्र त्याने कमी केले नाहीत.

आता फोटोबद्दल. रेइनोंचे पोस्टाची तिकिटे पाहायचे भिंग तुला माहीत आहे. ते घेऊन मी पट्टे मोजायला बसले. दगडाच्या डाव्या खांद्यावर चकाकी आहे, तिथे तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसली. खिडकीखाली कॉफीची किटली. किटलीशेजारी कप. दुसरा कप. आणि दुसऱ्या कपामागे, खुर्चीत मागे रेलून, गॅलिस लावलेले एक गृहस्थ.

पायात बूट नाहीत, ताई. लोकरीचे राखाडी मोजे आहेत आणि वरच्या कडेला लाल रेघ आहे. अशी रेघ जगात एकच बाई विणते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजलेले दिसतात, पण दगडातले घड्याळ उलटे, तेव्हा ते पावणेसात होतात. तेही सकाळचे, कारण संध्याकाळी तू फोटो काढत नाहीस, हे तूच लिहिले आहेस.

मग मी तुझे पत्र पुन्हा वाचले. मोटर "कोणीतरी" दुरुस्त करून दिली. एकोणचाळीस वर्षे तू शाळेत शिकवलेस, आणि ज्या मुलाने "कोणीतरी काच फोडली" असे सांगितले त्याला तू नाव आठवेपर्यंत उभे ठेवायचीस. मी पुढच्या टपालापर्यंत थांबते. तू उभी राहून विचार कर.

१९४१ साली रेइनो पहिल्यांदा आपल्या ओसरीवर आले, तेव्हा तू त्यांना बसू देण्याआधी चार प्रश्न लेखी विचारले होतेस: कमाई किती, दारू किती, चर्चला कितीदा जाता, आणि जेवणानंतर भांडी कोण घासणार. बिचाऱ्यांनी पायरीवर बसून उत्तरे लिहिली, खाली सही केली. तो कागद अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. प्रश्नांची कोरी प्रत काढून पाठवू का?

तुझ्या लोभाची सवय आहे. आता जरा माहितीही असावी, ही विनंती.

तुझी,
आइली


हॅनली बे
२४ जुलै १९८६

चि. सौ. आइलीस,

आशीर्वाद. या वेळी एकच.

तुझे पत्र वाचून मी रागावले, मग कॉफी घेतली, मग पुन्हा रागावले. हे उत्तर दुसऱ्या रागाच्या शेवटी लिहीत आहे.

खुर्चीतले गृहस्थ श्री. आर्वो निस्कानेन. पूर्वी तांब्याच्या खाणीत माणसे खाली सोडायच्या इंजिनावर होते, आता निवृत्त. पत्नीला जाऊन आठ वर्षे झाली. मोटर त्यांनी दुरुस्त केली. ती नीट चालते का हे पाहायला ते येतात. रोज का येतात असे तू विचारशील, तर मोटर रोज चालते. मोजे मी दिले, कारण त्यांच्या मोज्यांना भोके होती आणि ती मला पाहवत नव्हती. याहून अधिक काही असते तर मी लिहिले असते. कदाचित लिहिले नसते, पण तो निराळा मुद्दा.

आता कामाचे. विनिफ्रेडने मंडळाकडे लेखी तक्रार केली आहे की माझ्या स्लाइडमधला दगड ओला होता. तिच्या मते इतकी चकाकी कोरड्या दगडाला येत नाही. नऊ ऑगस्टला, शनिवारी, सभा आहे. तक्रार खरी ठरली तर स्लाइड बाद होईल आणि नियम मोडल्याबद्दल माझे नाव मंडळाच्या वहीत लिहिले जाईल. वही माझ्याच अक्षरात आहे. मंडळाचे निम्मे सभासद माझे विद्यार्थी आहेत. एकालाही मी कधी नक्कल करू दिली नाही, आणि ते सगळे त्या दिवशी समोर बसणार आहेत.

उपाय सोपा आहे. तो दगड कोरडा करून त्यांच्या हातात ठेवला की प्रश्न मिटतो. तो ताबडतोब रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. काम झाले की परत पाठवीन.

नियमात दुसरी परीक्षाही आहे. स्लाइड भिंतीवर मोठी करायची आणि चकाकीतली खिडकी पाहायची. ओल्या दगडात खिडकीच्या कडा पाघळतात, पॉलिश झालेल्या दगडात त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ राहतात. माझ्या सरळ आहेत. पण त्या खिडकीखाली कोण बसले आहे ते तुला ठाऊक आहे, आणि सभेत आमचे पाद्रीही असतात. त्यामुळे तो मार्ग नाही.

लोकांच्या तोंडी विषय नको म्हणून मी श्री. निस्कानेन यांना सांगितले की तूर्त येऊ नका. त्यांनी मान हलवली. आपला कप धुतला, पुसला, कोटाच्या खिशात घातला आणि घरी नेला. तो त्यांचाच कप होता, त्यांनी तो वसंतात आणून ठेवला होता. त्याला आज सहा दिवस झाले. यंत्र सौनाच्या न्हाणीघराबाहेरच्या खोलीत आहे, तरी त्याची घरघर आता स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट ऐकू येते. पूर्वी येत नव्हती. मोटरमध्ये बिघाड नाही, मी पाहिले.

दगड पाठव. लोभाचे नंतर पाहू.

हिल्मा


लँटाना
२ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आज खरोखरच साष्टांग, गुडघ्यांसकट, कारण मला क्षमा हवी आहे.

सोबत डबी पाठवते आहे. ती उघडण्याआधी बस. तुझा दगड आणखी चकाकावा म्हणून रेइनोंनी तो परस्पर आपल्या यंत्रात घातला, दोन दिवस. पिंपात कोणती पूड आहे ते पाहिलेच नाही. भरड होती. पुढचे मी तुला काय सांगावे? सरोवराकाठच्या ज्या गोट्यांना आपण अंडी म्हणायचो, तसा पांढुरका, खरखरीत झाला आहे. तुझा म्हणून तो ओळखूही येणार नाही. ह्यांना काही लिहू नकोस, ते फार ओशाळले आहेत आणि या विषयावर बोलतच नाहीत.

म्हणजे आता हातात ठेवायला दगड नाही. उरली ती स्लाइड. ताई, मी तुझ्याहून सात वर्षांनी लहान, तुला शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण कोटाच्या खिशात कप घालून घरी जाणारा माणूस मला तुझ्या पत्रात दिसला, आणि त्याला पाहायला मला भिंग लागले नाही.

विनिफ्रेड पेंगेलीला जिंकू द्यायचे असेल तर गप्प बस. तुझे नाव त्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिताना हात नीट धर, ओळ वाकडी जायला नको.

लोभ करावा, निदान शनिवारपर्यंत तरी.

तुझी अपराधी,
आइली


हॅनली बे
१० ऑगस्ट १९८६

चि. सौ. आइलीस,

अ. उ. आ.

डबी गुरुवारी मिळाली. दगड पाहिला. त्याविषयी पुढे केव्हातरी.

काल सभा झाली. पस्तीस माणसे होती; एरवी बारा येतात. विनिफ्रेडने उभे राहून तक्रार वाचली, आणि चांगली वाचली, हे मान्य करायला हवे. नियमाचा क्रमांकही बरोबर होता. मग अध्यक्षांनी विचारले की दगड आणला आहे का. मी म्हणाले, दाखवण्याजोगा दगड माझ्याकडे नाही. मागच्या रांगेत कुजबुज झाली. मी शाळेत पाहायची तसे पाहिले, ती थांबली.

मग मी सांगितले की नियमाप्रमाणे दुसरी परीक्षा घ्या. स्लाइडचे यंत्र रॉय टकर चालवत होता. तो माझ्या पहिल्या वर्गातला, आता सत्तावन्न वर्षांचा, भूमितीत कच्चा. त्याला दगड इतका मोठा करायला लावला की भिंतीवर फक्त डावा खांदा उरला. मी घरून छडी नेली होती. शाळेतलीच. विनिफ्रेडला पुढे बोलावले आणि खिडकीच्या चारही कडा दाखवल्या. तिने स्वतःची पट्टी लावून पाहिली. कडा सरळ निघाल्या. दगड कोरडा, हे तिनेच मोठ्याने सांगितले.

मला तिथे थांबता आले असते. रॉय दिवा बंद करू लागला होता. पण भिंतीवर ते चित्र पाच फूट उंचीचे होते, आणि पस्तीस माणसे खिडकी सोडून भलतीकडेच पाहत होती. अर्धवट दाखवलेले उत्तर मी कधी मान्य केले नाही. म्हणून छडी पुढे नेली आणि डावीकडून उजवीकडे क्रमाने सांगितले: ही किटली, हा माझा कप, हा आर्वो निस्कानेनचा कप, हा स्वतः आर्वो, हे मोजे, मी विणलेले, हे घड्याळ, उलटे आहे, तेव्हा सकाळचे पावणेसात. कोणाला काही शंका असल्यास विचाराव्यात.

शंका कोणालाच नव्हत्या. पाद्री छताकडे पाहत होते, तिथे काही नाही, मी नंतर पाहिले. आर्वो तिसऱ्या रांगेत होता. तो सभेत कधी बोलत नाही. तो उठला, मोजे उबदार आहेत असे म्हणाला, आणि खाली बसला. मग टाळ्या झाल्या. टाळ्या कोणत्या मुद्द्यावर होत्या ते वहीत कसे लिहावे यावर चर्चा झाली. शेवटी "दगड कोरडा होता" एवढेच लिहिले.

विनिफ्रेडने पाच वर्षांनी माझा वेलदोड्याचा पाव घेतला. दोन तुकडे घेतले. जाताना म्हणाली की तिच्या धाकट्या दिराचे मोजेही फार विरले आहेत, रेघ कशी घालायची ते दाखवशील का.

आज सकाळी आर्वो आला. खिशात कप होता.

लोभ पूर्ववत. यापुढे शनिवारपर्यंतची अट नको.

तुझी ताई,
हिल्मा


लँटाना
१७ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझे पत्र ह्यांना दोनदा वाचून दाखवले. "मोजे उबदार आहेत" इथे ते दोन्ही वेळा उठून अंगणात गेले. तुझ्या पत्रात "श्री." कुठे दिसले नाही. पोस्टात गळाले असेल.

आता माझी पाळी. उभी राहूनच लिहिते आहे.

सोबत आणखी एक डबी आहे. तीत तुझा दगड आहे. खरा. तो एक दिवसही यंत्रात गेला नाही; माझ्या खिडकीत, जिथे वाढदिवसापासून होता तिथेच होता. तुला पाठवला तो रेइनोंचा दगड. तू गेल्या वर्षी त्यांना सरावासाठी मूठभर दिले होतेस, त्यातला. तो भरड पुडीत तीन आठवडे फिरला होता. ह्यांना यातले काही माहीत नव्हते. आपण ओशाळलो होतो हे त्यांना काल कळले, आणि आता ते खरेच रागावले आहेत. म्हणतात की एक गाळ सोडला तर मी दगडांच्या बाबतीत निर्दोष आहे.

मी खोटे बोलले, ताई. तुला दगड मिळाला असता तर तू तो टेबलावर ठेवला असतास, जिंकली असतीस आणि एकटी घरी गेली असतीस. आई गेल्यापासून तुझा हिशोब असाच चालत आला. मला वाढवताना तू कोणाला ओसरीवर चढू दिले नाहीस, आणि मी लग्न करून गेल्यावर ओसरीवर यायचे हे लोक विसरून गेले. हा एक माणूस मोटरच्या निमित्ताने आत आला, तर त्यालाही तू नियम सातव्यासाठी बाहेर काढलेस. मला दुसरे काही सुचले नाही.

काय शिक्षा करायची ती कर. पण प्रश्नांचा कागद सोबत आहे. उत्तरे आर्वोंनी स्वतःच्या अक्षरात लिहावीत, खाली सही हवी. ओसरीवर बसायला हरकत नाही. एवढी सूट रेइनोंनी दिली आहे.

लोभ असू दे. यापुढे लायकी पाहूनच कर, मी तक्रार करणार नाही.

तुझी खोटारडी,
आइली


हॅनली बे
२४ ऑगस्ट १९८६

चि. सौ. आइलीस,

अ. उ. आ., आणि रेइनोलाही. त्याच्यावर आळ आला होता, म्हणून त्याला एक जास्त.

दगड सुखरूप पोचला. तो तुझ्या वाढदिवसाचा आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात परत पाठवीन. मधले काही दिवस तो टेबलावर राहील. आर्वोला तो कॉफी पिताना पाहायचा आहे.

प्रदर्शनात स्लाइडला तिसरा क्रमांक मिळाला. परीक्षक मार्केट शहरातून आले होते, त्यांना इथले काही ठाऊक नव्हते. त्यांनी शेरा दिला की पॉलिश उत्कृष्ट, परंतु प्रतिबिंबात अनावश्यक वस्तू दिसतात. आर्वोने तो शेरा कापून पाकिटात ठेवला आहे. पहिला क्रमांक विनिफ्रेडला मिळाला. दगड कोरडा होता, मी तपासला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे आर्वोने दिली आहेत. कागद सोबत आहे, पण त्याचे अक्षर इंजिनाच्या तेलात बुडवल्यासारखे असते, म्हणून इथे उतरवते. कमाई: खाणीचे निवृत्तिवेतन, पुरते. दारू: जून महिन्याच्या सणाला एक पेला, तोही दुसऱ्याने दिला तर. चर्च: हिल्मा नेईल तितक्यांदा. भांडी: स्वतःचा कप धुतो, हे तुम्ही वाचलेच आहे, बाकीची शिकेन. सही केली आहे. मी त्याला पायरीवर बसवले नाही, आत टेबलाशी बसवले.

वीस सप्टेंबरला शनिवार आहे. तुम्ही दोघे या. सौना तापवून ठेवू. कपडे साधे आणा, पाद्री अर्ध्या तासात उरकतील असे त्यांनी कबूल केले आहे. रेइनोने इथल्या यंत्राला आणि सिंकला हात लावू नये.

आता तुझ्या खोटेपणाबद्दल. तुझी पहिली डबी सात ऑगस्टला, गुरुवारी, आली हे मी लिहिले होते. त्या दगडाविषयी पुढे लिहीन असेही लिहिले होते, ते आता लिहिते. मी टाचणी घेतली आणि पट्टे मोजले. माझ्या दगडाला अकरा होते. त्याला नऊ होते. भरड पूड चकाकी घालवते, पण दोन दिवसांत दोन पट्टे खात नाही. रेइनोच्या यंत्रात तर नाहीच.

सभा शनिवारी होती. मध्ये अख्खा शुक्रवार होता आणि फोन माझ्या कोपराशी होता. शिवाय नियम दहावा असा आहे की ज्याच्यावर तक्रार झाली त्याला पाच दिवसांची मुदत मागता येते. तोही मीच लिहिला आहे.

मी मुदत मागितली नाही.

लोभ तुझ्या लायकीपेक्षा बराच जास्त आहे. तो तसाच ठेवावा.

तुझी ताई,
हिल्मा